आइसलँडच्या उत्तरेतले घोडे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आइसलँडच्या घोड्यांबद्दल तेच तेच प्रश्न सारखे येत असतात. बरेच जण रिंगरोडची, म्हणजे देशाला वळसा घालणाऱ्या मुख्य रस्त्याची, ट्रिप ठरवताना विचारतात, काहींना खरंच घोड्यांचं वेड आहे. म्हणून सगळी उत्तरं इथे एकत्र टाकतोय. भर मुद्दाम उत्तरेकडच्या स्कागाफ्योर्दुर भागावर ठेवलाय, कारण घोडा समजून घ्यायचा तर राजधानी रेक्याविकजवळची तासाभराची राइड पुरत नाही. एकाच गोष्टीचा दोन प्रश्नांशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. हे स्कागाफ्योर्दुर नक्की आहे कुठे? आणि घोड्यांसाठी तेच का?

उत्तर किनाऱ्यावर. रेक्याविकहून रिंगरोडनं निघालात की साधारण २९० किलोमीटरवर वार्माह्लिद नावाचं छोटं गाव लागतं, तिथून खाली उतरलं की ही रुंद सपाट दरी सुरू होते, मधून हेरादस्व्योत्न नदी फाटे फुटत वाहते आणि पुढे समुद्राची खाडी. मुख्य गाव सोयदारक्रोकुर. अक्युरेरी शहर तिथून पूर्वेला, गाडीनं सव्वा-दीड तास.

घोड्यांसाठी हेच का, तर गवत भरपूर, दरी सपाट आणि रुंद, वर डोंगरात उन्हाळी चराईला मोकळी जागा. शिवाय दक्षिणेपेक्षा इथली हवा कोरडी. घोड्याला कोरडी थंडी चालते, सतत ओलं राहणं मानवत नाही. आणि परंपरा तर आहेच, आजच्या आइसलँडिक घोड्यांच्या ज्या दोन मोठ्या जुन्या वंशरेषा सांगतात त्यातली स्वादास्तादिरची याच दरीतली, दुसरी आग्नेयेकडची होर्नाफ्योर्दुरची. या भागात माणसांपेक्षा घोडे जास्त असं तिथले लोक अभिमानानं सांगतात, माणसं आहेतच मुळी चार हजारांच्या थोडी वर.

घोड्याचं वेडही जुनं आहे. पहिल्या वसाहतकारांच्या नोंदींत थोरिर दूवुनेफ नावाच्या माणसाची गोष्ट येते. बोटीतून आलेली गुरंढोरं विकायला होती, त्यातली एक घोडी जंगलात पळून गेली होती, यानं ती न बघताच विकत घेतली आणि नंतर शोधून काढली. नाव फ्लुगा. एवढी वेगवान निघाली की क्योलुरच्या पठारावर शर्यत लावली तर समोरच्याचा घोडा अर्ध्या वाटेतच होता आणि ही टोकाला जाऊन परत फिरली होती. तिच्या नावाचं फ्लुगुमिरी हे शेत आजही त्याच दरीत आहे आणि तिथे आजही घोडे पैदा करतात. मला या सगळ्या विषयातली ही सगळ्यात आवडती गोष्ट.

२. आइसलँडमध्ये एकूण घोडे किती?

६० ते ८० हजारांच्या मधले आकडे वाचायला मिळतात, कुठल्या वर्षीचे आणि मोजणी कशी केली त्यावर बदलतात. देशाची लोकसंख्या चार लाखांपेक्षा थोडी कमी, म्हणजे पाच-सहा माणसांमागे एक घोडा. पण याच जातीचे घोडे आइसलँडच्या बाहेर त्याहून जास्त आहेत, सगळ्यात जास्त जर्मनीत. ते बाहेर कसे गेले आणि परत का येत नाहीत ते प्रश्न ७ मध्ये.

३. एवढे बुटके असतात, मग पोनीच ना ते?

उंची खांद्याशी बहुतेक १३५ ते १४५ सेंटीमीटर, वजन साडेतीनशे किलोच्या आसपास. नुसता उंचीचा नियम लावला तर पोनीत जातील, पण आइसलँडमध्ये कुणी पोनी म्हणत नाही आणि तुम्हीही म्हणू नका, लोकांना खरंच वाईट वाटतं. हाडं जाड, पाय दणकट, मोठ्या माणसाला घेऊन खडबडीत लाव्हावरून दिवसभर चालतात. वाढ सावकाश होते, चौथ्या वर्षाच्या आसपास पाठीवर बसायचं ट्रेनिंग सुरू करतात, त्याआधी घाई करत नाहीत, आणि पंचवीस-तिशीपर्यंत जगणारे घोडे बरेच सापडतात. रंग म्हणाल तर चाळीसच्या वर मूळ रंग आणि त्यांचे शेकडो प्रकार, एक तर असा आहे की ऋतू बदलला की घोड्याचा रंग बदलतो.

४. टोल्ट टोल्ट म्हणतात ते काय आहे? बाकी घोड्यांना का जमत नाही?

बहुतेक घोड्यांना तीन चाली असतात, चालणं, दुडकी आणि दौड. आइसलँडिक घोड्याला त्याशिवाय टोल्ट आणि स्केयद. टोल्टमध्ये पाय ज्या क्रमानं पडतात तो साध्या चालण्याचाच, चार वेगवेगळे ठोके, पण वेग चालण्यापासून ते जवळजवळ दौडीपर्यंत काहीही, आणि कुठला ना कुठला पाय कायम जमिनीवर असतो त्यामुळे वर बसलेल्याला उसळी बसत नाही. हातात काठोकाठ भरलेला बिअरचा ग्लास धरून टोल्ट करायच्या स्पर्धा होतात, सांडली की हरलात. सारंगखेड्याच्या बाजारात रेवाल चालीचा घोडा बघितला असेल तर पाठीवर पाणी न हलणारी चाल म्हणजे काय ते तुम्हाला पटकन कळेल, दोन्ही जाती वेगळ्या पण बघायला जवळची गोष्ट.

स्केयद म्हणजे एका बाजूचे दोन्ही पाय एकदम पुढे, मग दुसऱ्या बाजूचे, आणि मध्ये क्षणभर घोडा पूर्ण हवेत. ही फक्त शर्यतीसाठी, शे-अडीचशे मीटर, वेग ताशी ४५ किलोमीटरच्या पुढे जातो. नवशिक्यानं याच्या नादी लागायचं नाही.

बाकी घोड्यांना का जमत नाही याचं उत्तर २०१२ मध्ये मिळालं. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांच्या टीमनं डीएमआरटी३ नावाच्या जनुकातला एक बदल शोधला. पाठीच्या कण्यातल्या ज्या पेशी पायांचा ताल जुळवतात त्यांच्यावर या जनुकाचा परिणाम होतो. हा बदल आईबाप दोघांकडून आला तर घोड्याकडून सहसा पाचही चाली मिळतात, एकाकडूनच आला तर बहुधा स्केयद नाही, चारच. म्हणजे प्रत्येक आइसलँडिक घोडा पाच चालींचा असतो हा समज चुकीचा आहे. आणि जनुक असलं तरी टोल्ट नीट, तालात, दोन्ही बाजूंना सारखा बसवायला शिकवणारा लागतोच.

५. हिवाळ्यात घोडे बाहेरच असतात, हा क्रूरपणा नाही का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, बहुतेक वेळा बर्फात उभ्या घोड्यांचा फोटो बघून. घोडा थंडीत बाहेर राहू शकतो. शरद ऋतूत अंगावर दाट दुपदरी केस येतात, चरबी साठते, वाऱ्याकडे पाठ करून कळप एकत्र उभा राहतो. रोज वापरातले घोडे हिवाळ्यात गोठ्यात असतात, पिल्लं आणि घोड्या मात्र बाहेर, त्यांना गवताचे मोठे गठ्ठे टाकतात, वाऱ्याला आडोसा देणं मालकावर बंधनकारक आहे.

पण धोका नाही असं मी म्हणणार नाही. डिसेंबर २०१९ मध्ये उत्तरेत भयंकर वादळ झालं, बर्फ ओला, वारा प्रचंड, बर्फ अंगावर गोठत गेला, काही ठिकाणी कुंपणाशी घोडे गाडले गेले. शंभराच्या आसपास घोडे मेले, त्यातले बरेच याच उत्तर भागात. लोक दिवसेंदिवस फावडी घेऊन घोडे शोधत होते. आणि इतिहासातला सगळ्यात मोठा घाव १७८३ चा, लाकी ज्वालामुखी फुटला, गवतावर फ्लोरिनचं विष बसलं, पुढच्या दोन वर्षांत देशातले तीन-चतुर्थांश घोडे गेले. आजचे सगळे घोडे त्यातून उरलेल्यांचे वंशज आहेत, म्हणून कणखर आहेत असं म्हणताना ती किंमतही लक्षात ठेवावी.

६. बाहेरून घोडा का आणू देत नाहीत?

नवव्या-दहाव्या शतकात नॉर्स लोकांनी बोटींतून जे घोडे आणले त्यानंतर जवळपास हजार वर्षं नवं रक्त आलेलं नाही. जगातल्या सर्वांत शुद्ध ठेवलेल्या जातींपैकी एक, हे खरं, पण आज बंदीचं खरं कारण आजार आहे. जगभर नेहमी सापडणारे घोड्यांचे संसर्गजन्य आजार, जसे घोड्यांचा इन्फ्लुएन्झा किंवा घशाला गळू येणारा स्ट्रँगल्स, आइसलँडमध्ये नाहीत, त्यामुळे तिथल्या घोड्यांच्या अंगात त्याविरुद्ध काहीच ताकद नाही.

हे नुसतं पुस्तकी नाही. २०१० मध्ये एक खोकला सुरू झाला, एका साध्या जिवाणूच्या नव्या प्रकारानं, आणि काही महिन्यांत तो जवळजवळ सगळ्या देशातल्या घोड्यांना झाला. निर्यात थांबली, ट्रेनिंग थांबलं, आणि त्या वर्षी स्कागाफ्योर्दुरमध्ये विंदहेयमामेलारला भरणारं घोड्यांचं राष्ट्रीय संमेलन (प्रश्न १२) एक वर्ष पुढे ढकलावं लागलं. तो आजार त्यामानानं सौम्य होता. गंभीर आला तर काय होईल याची भीती तिथल्या प्रत्येक शेतकऱ्याला आहे.

७. बाहेर गेलेला घोडा परत का येऊ शकत नाही? आइसलँडचाच आहे ना?

कारण प्रश्न ६ मधलंच, आणि अपवाद कुणालाच नाही. दर दोन वर्षांनी आइसलँडिक घोड्यांची वर्ल्ड चॅम्पियनशिप युरोपात भरते, २०२३ ला नेदरलँड्समध्ये होती, २०२५ ला स्वित्झर्लंडमध्ये. आइसलँडची टीम आपले सर्वोत्तम घोडे घेऊन जाते आणि स्वार एकटे परत येतात. वर्षानुवर्षं स्वतः तयार केलेला घोडा, जिंकला असो की हरला असो, तिथेच विकायचा. बक्षीस घ्यायला उभा असलेला माणूस घोड्याच्या मानेत तोंड खुपसून रडतोय हे दृश्य तिथे दरवेळी दिसतं, त्याचं कारण हे आहे.

गेलेल्या घोड्यालाही त्रास होतोच. बाहेरच्या देशांत बारीक चिलटं असतात, त्यांच्या चाव्याची ॲलर्जी होऊन शेपूट आणि आयाळ खाजवून खाजवून रक्त निघतं. ज्या जातींच्या चिलटांनी हे होतं त्या आइसलँडमध्ये नव्हत्या, त्यामुळे तिथे जन्मून मोठा झालेला घोडा बाहेर गेला की त्याला हा त्रास होण्याची शक्यता खूप, तोच बाहेर जन्मलेल्या पिल्लाला कमी. लस शोधायचं काम चालू आहे. घोडा विकत घेणाऱ्यांनी हे आधी वाचावं, नंतर नाही.

८. मी फक्त माथेरानला घोड्यावर बसलोय, जमेल का?

जमेल. एक-दोन तासांची टूर नवख्यांसाठीच असते, हेल्मेट आणि वरून घालायचा रेनसूट तेच देतात. पण माथेरानसारखं कुणीतरी लगाम धरून पुढे चालणार नाही, लगाम तुमच्याच हातात, त्यामुळे बुकिंग करताना खरं सांगा, अनुभव नसेल तर नाही म्हणा, त्यावरून घोडा निवडतात. वजनाची मर्यादा बहुतेक ठिकाणी १०० ते ११० किलो, तीही खरी सांगा, शेवटी पाठ घोड्याची आहे.

कित्येक दिवसांच्या पठारावरच्या ट्रेकची गोष्ट वेगळी. तिथे प्रत्येक स्वारामागे दोन-तीन घोडे असतात, मोकळे घोडे कळपानं पुढे पळतात आणि थोड्या थोड्या वेळानं घोडा बदलायचा. दिवसाला तीस-चाळीस किलोमीटर. त्यासाठी आधी इथे नीट रायडिंग शिकून जा, हौस म्हणून जाऊ नका.

९. माझे रायडिंगचे बूट आणि ग्लोव्हज नेऊ का?

शक्यतो नको. वापरलेलं खोगीर, लगाम, चामड्याचे वापरलेले ग्लोव्हज नेता येतच नाहीत. वापरलेले कपडे आणि बूट चालतात पण आधी धुवून, जंतुनाशक मारून, पूर्ण वाळवून. आता यातली गोची अशी की जे लोक स्वतःला रायडर समजत नाहीत त्यांच्या लक्षातच येत नाही. तुम्ही महिन्यापूर्वी माथेरानला किंवा महाबळेश्वरला ज्या बुटांनी घोड्यावर बसलात तेच बूट घालून आइसलँडला उतरलात तर नियम तुम्हालाही लागू आहे. घासून धुवा नाहीतर दुसरे न्या. कारण माहीत नसेल तर प्रश्न ६ परत वाचा.

१०. रस्त्याकडेला घोडे दिसले तर ब्रेड, गाजर, सफरचंद देऊ का?

नाही. एकच गाडी थांबत नाही, दिवसात पन्नास थांबतात आणि प्रत्येक जण थोडं थोडं देतो, पोटशूळ होऊन घोडा मरू शकतो. खायला मिळायची सवय लागली की घोडे कुंपणाशी गर्दी करतात, एकमेकांना लाथा मारतात, चावायला शिकतात. कुंपणाच्या आतली जमीन कुणाची तरी आहे, फोटोसाठीही आत शिरू नका. आणि रिंगरोडला बऱ्याच ठिकाणी शोल्डर, म्हणजे कडेची मोकळी पट्टीच नाही, मध्येच गाडी उभी करून उतरणं म्हणजे अपघाताला बोलावणं, पुढे पार्किंगची जागा मिळेल तिथेच थांबा.

११. सप्टेंबरमध्ये घोडे डोंगरावरून खाली आणतात तो कार्यक्रम कधी, कुठे?

त्याचं नाव लोयफस्काउलारेत्त, स्कागाफ्योर्दुरमधल्याच ह्याल्तादालुर दरीत, सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी. उन्हाळाभर कोल्बेयन्सदालुरच्या चराईला मोकळे सोडलेले शेकडो घोडे शनिवारी सकाळी स्वार हाकत आणतात, मधल्या गोल आवारात घालतात, आणि मग प्रत्येक शेतकरी आपला घोडा ओळखून भोवतीच्या आपल्या कप्प्यात नेतो. पूर्वी कानाच्या खुणांवरून ओळख पटायची, आता चिपही असते. बघायला हजारो माणसं येतात, घोड्यांपेक्षा जास्त. लोक उभ्या उभ्या गाणी म्हणतात, हा भाग गाण्यासाठीही ओळखला जातो, आणि रात्री नाच.

माझं स्पष्ट मत, आइसलँडला एकदाच जाणार असाल आणि घोड्यांची आवड असेल तर ट्रिप याच आठवड्यात ठरवा. राहायची सोय काही महिने आधी करा, गावं छोटी आहेत. सप्टेंबरच्या सुरुवातीला जे असतं ते मेंढ्यांचं, तेही छान पण वेगळं. हा शनिवार हुकला तर ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी पश्चिमेला शेजारच्या विदिदालुर भागात असंच घोड्यांचं असतं.

१२. लांद्समोत म्हणजे काय?

घोड्यांचं राष्ट्रीय संमेलन, पहिलं १९५० मध्ये थिंगवेत्लिरला झालं. आता दर दोन वर्षांनी, उन्हाळ्यात, आठवडाभर. पैदाशीच्या घोड्यांचं परीक्षण, टोल्टच्या स्पर्धा, स्केयदच्या शर्यती, मुलांच्या वेगळ्या स्पर्धा. जागा बदलते, २०१६ ला याच भागातल्या होलारला होतं.

१३. होलारला घोड्यांचं शिक्षण मिळतं ते आपल्याला घेता येईल का?

होलार म्हणजे ११०६ ला सुरू झालेली बिशपची गादी, १८८२ ला तिथे शेतीशाळा सुरू झाली, आज तिथल्या विद्यापीठात घोड्यांवर तीन वर्षांची डिग्री आहे, स्वारी, ट्रेनिंग, शिकवणं हे सगळं. परदेशी मुलं असतात पण शिकवणं मुख्यतः आइसलँडिक भाषेत आणि प्रवेशाला घोड्यावरची परीक्षा. भाषा आधी शिकावी लागेल, शॉर्टकट नाही. नुसतं बघायचं असेल तर तिथेच आइसलँडिक घोड्याच्या इतिहासाचं छोटं म्युझियम आहे, ते चुकवू नका.

१४. ते लोक घोड्याचं मांस खातात हे खरं का?

खरं आहे. इसवी सन १००० च्या सुमारास देशानं ख्रिश्चन धर्म घेतला तेव्हा घोड्याचं मांस खायची मुभा सुरुवातीला मागून घेतली होती, पुढे ती गेली, मग काही शतकं ते निषिद्ध होतं, आणि आता दुकानात मिळतं, जास्त करून शिंगराचं. ज्या घरात घोड्याला जीव लावतात त्याच घरात हेही असतं. आपल्याला पचायला जड जातं, मलाही जातं, पण तिथे जाऊन त्यावरून वाद घालू नये असं वाटतं.

१५. गाभण घोड्यांचं रक्त काढतात म्हणे?

हो, आणि याबद्दल बोललंच पाहिजे. गाभण घोडीच्या रक्तात एक हार्मोन असतो, तो काढून त्याचं औषध बनवतात आणि ते मुख्यतः इतर देशांतल्या डुक्करपालनात मादी माजावर आणायला वापरतात. २०२१ च्या सुमारास आइसलँडमध्ये पाचेक हजार घोड्या यात होत्या. एका हंगामात आठ वेळांपर्यंत, दर वेळी साधारण पाच लिटर. त्या वर्षी युरोपातल्या प्राणीहक्क संस्थांनी छुप्या कॅमेऱ्यानं घेतलेला व्हिडिओ बाहेर आणला, घोड्यांना मारताना दिसत होतं, देशात मोठा गदारोळ झाला. नंतर युरोपियन मुक्त व्यापार संघटनेच्या देखरेख संस्थेनंही नियमांवर बोट ठेवलं आणि सरकारला नियम कडक करावे लागले. पण धंदा बंद झाला नाही.

काही शेतकरी म्हणतात की एरवी या घोड्या पाळणं परवडलंच नसतं. मला हे कारण पुरेसं वाटत नाही. अर्धरानटी घोडीला लाकडी चौकटीत बांधून दर आठवड्याला एवढं रक्त काढणं आणि घोड्याला राष्ट्राचा अभिमान म्हणणं हे एकत्र बसत नाही, आणि हे म्हणणारे आइसलँडमध्येही खूप आहेत, त्यात घोडेपालकांच्या संघटनाही आल्या.

१६. घोड्याच्या नावात "फ्रा" काय असतं?

"फ्रा" म्हणजे "इथला", पुढे शेताचं किंवा गावाचं नाव. सोर्ली फ्रा सोयदारक्रोकी हा १९६० च्या दशकातला प्रसिद्ध घोडा, म्हणजे सोयदारक्रोकुरचा सोर्ली. वर्ल्डफेंगुर नावाच्या डेटाबेसमध्ये जगभरातल्या नोंदणीकृत आइसलँडिक घोड्यांची वंशावळ असते, आणि तिथे नाव आइसलँडिक भाषेच्या रीतीतच बसावं लागतं, एक समिती ते बघते. घोडा जर्मनीत जन्मला तरी नियम तोच.

१७. असा घोडा भारतात आणता येईल का?

माझं उत्तर, आणू नका. कागदपत्रं आणि क्वारंटाईन बाजूला ठेवू, पुण्या-नागपूरच्या उन्हात त्या केसांचं आणि त्या अंगाचं काय होईल याचा विचार करा, वर प्रश्न ७ मधली चिलटं, आणि एकदा आणला की त्याला घरी परत पाठवायची सोयच नाही. फारच ओढ असेल तर काही परदेशी लोक करतात तसं करता येतं, घोडा विकत घ्यायचा आणि आइसलँडमध्येच एखाद्या शेतकऱ्याकडे महिन्याच्या पैशांवर ठेवायचा, वर्षातून एकदा जाऊन भेटायचं.

जी मराठी मंडळी जर्मनी, नेदरलँड्स, स्वीडन, इंग्लंड, अमेरिका, कॅनडात आहेत त्यांचं काम सोपं आहे. या सगळ्या देशांत आइसलँडिक घोड्यांच्या संघटना आहेत, १९६९ ला स्थापन झालेल्या फेयफ या जागतिक संघटनेखाली येतात. आपल्या देशातल्या संघटनेकडे विचारलं की जवळच्या फार्मची माहिती मिळते, टोल्ट कसा लागतो ते तिथेच एका वीकेंडला बसून बघता येईल. फक्त तिथून पुढे आइसलँडला जाणार असाल तर बुटांचं प्रश्न ९ मध्ये लिहिलंय ते तुम्हाला जास्तच लागू आहे.